पन्नासची लेन्स

सोलापूर,
१३ ऑगस्ट २०२३

ती. मामा,

पाकीट बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. फोनवर तुम्हाला बोलता येत नाही आणि मेसेज केला तर तुम्ही नुसता अंगठा पाठवता. म्हणून म्हटलं, कागदावर विचारावं. गळ्याचं ऑपरेशन होऊन तुमचा आवाज गेला त्याला आता वर्ष होत आलं. दवाखान्यात भेटलो तेवढंच. सोलापूर ते दुधनी अशी कितीशी वाट, सकाळी गाडीत बसलं तर जेवायला परत येता येतं, तरी माझं येणं होत नाही. ऑफिसात माणसं कमी आहेत, सुट्टी मिळत नाही, असं समजा.

विचारायचं असं की मला कॅमेरा घ्यायचाय. मोबाईलमधला नाही, गळ्यात अडकवायचा. चन्नवीर हैदराबादला प्रोजेक्टवर गेल्यापासून संध्याकाळी घरी आलं की करायला काही नसतं. एकटीपुरता भात टाकला की स्वयंपाक संपला. परवा सात रस्त्यावरच्या एका दुकानात गेले होते. तिथल्या माणसानं काउंटरवर ओळीनं कॅमेरे मांडले आणि मेगापिक्सेल, मिररलेस असं काय काय बोलत सुटला. मी म्हटलं, डीएसएलआर दाखवा. तर म्हणाला, "मॅडम, ते आता कोण घेतंय? जुनं झालं ते." मी "घरी विचारून सांगते" म्हणून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, आई गेल्यापासून असल्या गोष्टी विचारायला घरचं माणूस म्हणजे तुम्हीच.

आईच्या लग्नाचे, माझ्या बारशाचे, माझ्या लग्नाचे, सगळे फोटो तुम्ही काढलेत. शिकणाऱ्यानं पहिला कॅमेरा कुठला घ्यावा? आणि स्टुडिओ कसा चाललाय?

तुमची,
अपेक्षा


दुधनी,
२१ ऑगस्ट २०२३

चि. अपेक्षा,

पोस्टमननं तुझं पाकीट स्टुडिओत आणून दिलं तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलेलं. त्याला तसंच बसवून पत्र वाचलं की! तोंड बंद झाल्यापासून माझा हात सुटलाय, तेव्हा हे पत्र लांबणार.

स्टुडिओ झकास. शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो चालू आहेत, मग गणपती, मग लग्नसराई. मान वर करायला फुरसत नाही. तू येण्याची घाई करू नको. आलीस तर मी तुझ्याकडे बघू का गिऱ्हाइकाकडे?

आता कॅमेरा. तो दुकानदार खोटं बोलत नाही, पण तुझ्या कामाचंही बोलत नाही. मिररलेस चांगला असतो, मान्य. पण त्यात तू छोट्या पडद्यावर चित्र बघतेस. डीएसएलआरमध्ये आत एक आरसा असतो, त्यावरून खरा उजेड तुझ्या डोळ्यात येतो. शिकणाऱ्यानं आधी खरा उजेड बघावा असं माझं मत. शिवाय लोक जुने काढून टाकायला लागलेत, म्हणजे एखाद्या हौशी माणसानं घेऊन कपाटात ठेवलेला, नव्यासारखा मिळेल. एंट्री लेव्हलचा बास. महागड्यात ज्या गोष्टी जास्तीच्या असतात त्यातली एकही तुला दोन वर्षं लागणार नाही.

जुना घेताना मेगापिक्सेल विचारू नको. हातात धर. तुझी बोटं छोटी आहेत, पकड नीट बसते का बघ. लेन्समधून उजेडाकडे बघ, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, खाली ठेव. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, त्यात काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. शटर किती उडालंय, म्हणजे आजवर किती फोटो निघालेत, ते विचार. सांगायला कुरकुरला तर निघ तिथून. सोबत अठरा-पंचावन्नची साधी लेन्स येते, तिला नावं ठेवायची नाहीत. अजून पैसे उरले तर पन्नासची घे. लांबची झूम लेन्स गळ्यात मारतील, ती नको.

घरी आलीस की वरच्या चाकावरची हिरवी खूण विसर. ती ऑटोची. त्यात कॅमेरा शिकतो, माणूस शिकत नाही.

आणि फोटो कागदावर काढून पोस्टानं पाठवायचे. मोबाईलवर आले तर बघणार नाही. त्या चकचकीत काचेवर सगळंच छान दिसतं.

जावईबापूंना नमस्कार.

मामा


सोलापूर,
१० सप्टेंबर २०२३

ती. मामा,

घेतला! एका बँकेतल्या बाईंच्या मुलाचा होता, तो परदेशी गेला. भिंतीचा फोटो स्वच्छ आला. तुमच्या दोन लेन्स मिळाल्याच, वर त्या बाईंनी लांबची झूमही तशीच देऊन टाकली. "कोण वापरणार आता," म्हणाल्या. मला नको म्हणवेना.

खरं सांगू? तीच सगळ्यात आवडली. गॅलरीत उभं राहून कोपऱ्यावरच्या भजीवाल्याच्या कढईतले बुडबुडे दिसतात. तळ्यावर गेले, तर पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका हाताशी आल्या. त्यांना पत्ता नाही.

फोटो पाठवतेय. दोन काळे आलेत, एक हललाय. संध्याकाळचे आहेत. सूर्य असताना मी ऑफिसात असते. ज्या बाईच्या पाठीवर उजेड पडलाय तो मला बरा वाटतो. तुम्हाला?

अपेक्षा


दुधनी,
१९ सप्टेंबर २०२३

चि. अपेक्षा,

फोटो भिंगाखाली धरून बघितले. काळे आलेत कारण आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, शंभरवर ठेवलास. दिवस मावळला की तो चढवायचा. आठशे, सोळाशे, दाणे दिसले तर दिसू देत. हललाय तो शटरमुळे. लांब लेन्सला शटर झपकन उडायला हवं, नाहीतर तुझा श्वासही फोटोत येतो. कोपर बरगडीला टेकवायचं, श्वास सोडायचा, आणि मग बटण. दाबायचं नाही, पिळायचं. आवाज होता तेव्हा हे मी हाताखाली शिकणाऱ्या कितीतरी पोरांना ओरडून सांगितलंय.

पाठीवरचा उजेड चांगला आहे. पण बाळ, सगळ्या पाठीच आहेत गं. पाठ, गॅलरीतून डोकी, लांबून खांदे. एकाही फोटोत कुणी तुझ्याकडे बघत नाही.

चेहरा काढ. घरच्यापासून सुरू कर, घरचं माणूस पळून जात नाही. जावई हैदराबादहून आले की सकाळी त्यांना पूर्वेच्या खिडकीशी बसव. पन्नासची लेन्स लाव, तिचं छिद्र १.८ वर उघड, अलीकडच्या डोळ्यावर फोकस धर. मागचं सगळं विरघळून जाईल, माणूस तेवढा राहील.

काल नगरपरिषदेच्या लोकांचा ग्रुप फोटो होता. कुणी सरळ उभं राहीना. टाळ्या वाजवून दमलो!

मामा


सोलापूर,
८ ऑक्टोबर २०२३

ती. मामा,

चन्नवीर येऊन गेले. दोनच दिवस होते. तुम्ही सांगितलं तसं खिडकीशी बसा म्हटलं, पण त्यांना फोटो काढून घ्यायला आवडत नाही, तुम्हाला लग्नातही त्रास दिला होता त्यांनी. मग ते उठून गेल्यावर टेबलाचा फोटो काढला. सकाळचा उजेड आहे. दोन कप, बिस्किटांची बशी, बाजूला पेपर. छिद्र लहान ठेवलं, आठवर, म्हणजे सगळं स्पष्ट यावं. ट्रायपॉड नाही म्हणून कॅमेरा डब्यांवर ठेवला.

मला वाटतं हा माझा पहिला नीट फोटो आहे. कसा वाटला कळवा.

अपेक्षा


दुधनी,
१७ ऑक्टोबर २०२३

चि. अपेक्षा,

होय, पहिला नीट फोटो. उजेड डावीकडून आलाय, बशीची सावली कशी मऊ पडलीये. आठचं छिद्र बरोबर. टेबलाच्या लाकडाची नससुद्धा दिसते.

इतकं स्पष्ट आलंय की अलीकडच्या कपात तळाशी चहा आहे आणि कडेला ओठाची खूण आहे, तेही दिसतं. पलीकडचा कप कोरडा आहे. त्यात चहा कधी ओतलाच नव्हता.

मी काही विचारत नाही. तुझ्या आईचा भाऊ आहे म्हणून विचारायचा हक्क आहे, पण विचारत नाही. फोटोग्राफरला दिसतं, दिसलं नाही असं कसं म्हणू?

एकच काम सांगतो. लांबची लेन्स काढून ट्रंकेत टाक. पन्नासच लाव. तिला पुढं-मागं करता येत नाही, माणूस मोठा हवा असेल तर आपल्यालाच पाय उचलून त्याच्याजवळ जावं लागतं. जवळ गेलं की तो विचारतो, कोण तू? मग सांगावं लागतं.

मामा


सोलापूर,
३ डिसेंबर २०२३

ती. मामा,

दीड महिना लिहिलं नाही. तुमचं पत्र आलं त्या दिवशी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. तुमचा राग आला होता. असला राग की पत्र वाचताना कान गरम झाले.

पंधरा दिवसांपूर्वी काढला. मंद्रूपला बाजाराच्या दिवशी गेले, एसटीनं. पन्नासची लावली होती, पण पर्समध्ये लांबचीही घेतली होती, खोटं कशाला बोलू. आणि तिथं पोचल्यावर तीच लावली. रस्त्याच्या पलीकडं एका गाड्याआड उभी राहिले. एक म्हातारी मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती, कपाळावर मोठ्ठं गोंदण, चेहऱ्यावर अर्धं ऊन. मी नेम धरला आणि तिनं सरळ माझ्याकडं बघितलं.

"ए बाई! लांबनं काय नेम धरतीयास? पाखरू हाय का मी?"

सगळा बाजार बघायला लागला. मला वाटलं आता कॅमेरा हिसकावून घेतात. पळायला रस्ताही नव्हता. ती हात करत होती, "ये की हितं. ये म्हंते न्हवं." गेले. तिनं बारदानाचं टोक झटकून मला बसायला जागा केली. म्हणाली, "कुनाला इचारून काडत व्हतीस?" मी म्हटलं, चुकलं. "चुकलं तर चुकलं. आता नीट काड." मग पदर सारखा केला, तोंड पुसलं आणि अशी बसली, जशी तिला कुणी कधी घाईच केली नाही.

मी लेन्स बदलली. झाकण मातीत पडलं. इतक्या जवळून मी कुणाकडं किती दिवसांत बघितलं नव्हतं, मामा. तिच्या पापण्या मोजता आल्या असत्या. मी डोळा लावून फोकस शोधत होते आणि तिनं विचारलं, "घरी कोन कोन हाय तुज्या?"

कॅमेऱ्यामागं तोंड होतं म्हणून असेल. मी म्हटलं, "कुणी नाही."

"कुनी न्हाय म्हंजी?"

"म्हणजे कुणी नाही."

तिनं पदर पुन्हा सारखा केला. मग म्हणाली, "मंग ह्ये फोटू काडून दावतीस कुनाला?"

"मामाला."

"हाय की मंग," ती म्हणाली, आणि हसली, आणि तेव्हा माझ्याकडून बटण दाबलं गेलं.

तिचं नाव दगडाबाई. फोटो सोबत आहे. तिची प्रत पुढच्या बाजारी तिला नेऊन दिली. तिनं बघितली, शेजारच्या कांदेवाल्याला दाखवली, पोलक्यात घातली आणि मला एक जुडी दिली.

तर, तुम्ही न विचारलेलं सांगते. चन्नवीर हैदराबादला आहे, पण प्रोजेक्ट वगैरे काही नाही. तो गेला आणि तिथून त्यानं फोन करून सांगितलं की आता परत येणार नाही. भांडण नाही. दुसरं कुणी आहे का, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. "आपण दोघं घरात असताना पण कुणी नसल्यासारखंच असायचं ना," एवढं म्हणाला. ते खरं होतं, म्हणून मला भांडताही आलं नाही. दोघांच्या संमतीनं कोर्टात अर्ज दिलाय. मार्चमध्ये शेवटची तारीख लागेल.

ऑफिसात, घरमालकिणीला, सगळ्यांना प्रोजेक्ट सांगते. कप मी मांडला होता. कुणाला फसवायला नाही. मांडल्यावर टेबल बरं दिसत होतं.

अपेक्षा


दुधनी,
१२ डिसेंबर २०२३

चि. अपेक्षा,

दगडाबाईचा फोटो समोर ठेवून लिहितोय. फोकस डोळ्यावर नाही, नाकाच्या शेंड्यावर आहे. पुढच्या वेळी बघ. पण मी चाळीस वर्षं या धंद्यात काढली, आणि असं हसू माझ्याकडं फार थोड्या लोकांनी दिलं. लोक फोटोसाठी हसतात. ही तुझ्यासाठी हसली.

बाकीच्याबद्दल काय लिहू? तुझ्या लग्नात मी जावयाला तीनदा सांगितलं, तिच्याकडं बघा, तिच्याकडं बघा. त्यानं बघितलं, पण फ्लॅश उडेपर्यंतच. मला तेव्हाच दिसलं होतं. तुझ्या आईला बोललो नाही. लग्नाच्या मांडवात असलं कोण बोलतं?

तुझी मामी गेली तेव्हा मला वाटायचं, स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी बरं, काही वाजेल तरी. आता मलाच आवाज नाही. साकु, पुरे. असलं फार लिहू नये.

इकडं धावपळ आहे. स्टेशनजवळच्या चहावाल्या ईरप्पाच्या मुलीचं लग्न काल काढलं, पाय सुजलेत. अजून तारखा आहेत. तू आत्ता येऊ नको, निवांत झालो की मीच बोलावतो. बोलावतो म्हणजे लिहितो.

जेवत जा.

मामा


सोलापूर,
२९ जानेवारी २०२४

ती. मामा,

फोटो आधी बघू नका. आधी पत्र वाचा.

शुक्रवारी सुट्टी होती. तुम्ही नको म्हणाला होतात तरी म्हटलं, जावं, स्टुडिओत एका कोपऱ्यात बसून तुम्ही काम करताना फोटो काढावेत. तुम्हाला न कळवता एसटीनं आले. बसमधून उतरून चहा घेतला तो नेमका ईरप्पांकडं. पाटीवर नाव होतं म्हणून मी म्हटलं, "मुलीचं लग्न छान झालं म्हणे?"

त्यांनी किटली खाली ठेवली. "कुनाची पोरगी, अक्का? माज्या पोरीचं लगीन होऊन तिची पोरं शाळंत जातेत की. राजशेखर मामांनीच फोटू काडलेते. तवा आवाज व्हता त्येंचा."

मी स्टुडिओ विचारला. त्यांनी हात दाखवला तिथं खतं-बियाणांचं दुकान होतं. तुमच्या पाटीवरच त्या दुकानदारानं नवी पाटी ठोकलीये. खालची थोडी दिसते, "फोटो" मधला "फो".

"मामा कुठं असतात मग?" विचारलं, तर म्हणाले, "टेसनात. रोज यिऊन बसतेत, गाड्या बगत. आमी च्या निऊन द्येतो. बोलत न्हाईत, मग आमी बी काय बोलावं?"

मी स्टेशनातल्या पुलावर आले. तुम्ही खाली बाकावर होता. गळ्याला पांढरा नॅपकिन, पायात मोजे, मांडीवर कापडी पिशवी. गाडी आली. तुम्ही उठला नाहीत, पण जो जो उतरत होता त्याच्या तोंडाकडं बघत होता. प्रत्येकाच्या. शेवटचा माणूस गेटाबाहेर जाईपर्यंत.

मी लांबची लेन्स लावली. का, ते माहीत नाही. हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, तुम्ही इतके महिने माझ्यापासून जे झाकलंत ते मी असं अंगावर येऊन कसं उघडू? माझा कप तुम्ही बघितला होतात, पण तुम्ही लांब होता, मला रडायला घर होतं. तुम्हाला तिथं फलाटावर काय करता आलं असतं? गाडी क्रॉसिंगसाठी थांबून होती. दुसऱ्या टोकाला जाऊन त्याच गाडीत चढले आणि परत आले.

आता फोटो बघा. नाही बघितला तरी चालेल.

अपेक्षा


दुधनी,
१९ फेब्रुवारी २०२४

चि. अपेक्षा,

दोन वेळा पत्र लिहून फाडलं. पहिल्यात तुला बोललो होतो. इतक्या जवळ येऊन परत जातं का कुणी? दुसऱ्यात माफी मागितली होती. दोन्ही खोटी वाटली.

फोटो चांगला आहे. तेच वाईट आहे. फोकस पक्का, उजेड पक्का, मी पक्का म्हातारा.

तर ऐक. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी स्टुडिओ उघडला. गिऱ्हाईक यायचं. पण फोटो बटणानं निघत नाही गं, तोंडानं निघतो. हनुवटी जरा खाली, खांदा इकडं, ताई, लग्न आहे का दशक्रिया, हसा की जरा! हे सगळं तोंडाचं काम. मी हातानं सांगायला गेलो तर लोक माझ्या हाताकडं बघायचे. फोटोत सगळ्यांची नजर खाली. डॉक्टरनं गळ्याला लावून बोलायचं यंत्र दिलंय, त्यातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. एका बाईच्या लेकराला कॅमेऱ्यासमोर बसवून मी त्यावर "बाळा, इकडं" म्हटलं. ते इतकं घाबरलं की त्याला उचकी लागली. बाई चांगली होती. पैसे देऊन गेली, फोटो न काढता. मग बाकीचेही चांगलेच वागले. कुणी काही बोललं नाही, फक्त अक्कलकोटला जायला लागले. दुकान दिलं त्याला आता बराच काळ झाला. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तिथं युरियाची पोती होती.

तू विचारलंस, स्टुडिओ कसा चाललाय? मला वाटलं, निदान हिच्यासाठी तरी चालू ठेवावा. महिन्यातून एकदा तुला लिहायला बसलो की शटर वर व्हायचं, गिऱ्हाईक यायचं, टाळ्या वाजवून लोकांना उभं करायचो. पत्र पाकिटात घातलं की बंद.

गाडीतून उतरणाऱ्यांकडं का बघतो ते तू लिहिलं नाहीस, पण तुला कळलंय. तुला नको नको लिहायचो आणि रोज जाऊन बघायचो.

एक चूक दाखवतो, रागावू नको. तू मला फोटोच्या एका टोकाला ठेवलंस आणि बाकाची सगळी रिकामी जागा आत घेतलीस. मुद्दाम घेतलीस का हाताला आपोआप कळलं? तिथं बसायला हवं होतंस, बाळ.

कोर्टाची तारीख कळव. मी येतो. बोलणाऱ्याचं काम वकील करतील. मला नुसतं बसता येतं, त्याची सवय झालीये.

मामा


सोलापूर,
२७ फेब्रुवारी २०२४

मामा,

पंधरा मार्च, शुक्रवार. सकाळच्या गाडीनं या. मी फलाटावर असेन.

अपेक्षा


सोलापूर,
२४ मार्च २०२४

ती. मामा,

पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यावर आठ दिवस घर फार मोठं वाटलं. आधी मोठं नव्हतं वाटत. तुम्ही दोनच रात्री राहिलात, एक शब्द बोलला नाहीत, पण तुमच्या खोकल्यानं, चपलांनी, पाटीवर खडूनं लिहिण्यानं घरात किती आवाज झाला होता ते आता कळतंय.

त्या दिवशीची एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. आत सह्या झाल्यावर मी पाणी प्यायला थांबले आणि चन्नवीर माझ्या आधी बाहेर आला, तुम्हाला नमस्कार करून काहीतरी बोलला, आणि तुम्ही नुसतं बघत राहिलात. तुमचं ऑपरेशन झालेलं त्याला माहीत नव्हतं, मीच कधी सांगितलं नव्हतं. तो जिन्यात मला भेटला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मामा फार चिडलेत माझ्यावर," म्हणाला, "शब्द नाही बोलले. बरोबरच आहे त्यांचं." मी म्हणायला हवं होतं की अरे, त्यांना बोलता येत नाही. नाही म्हटलं. माझ्या बाजूनं कुणीतरी चिडलंय, एवढं त्याच्याबरोबर जाऊ दे म्हटलं. तुमच्या नावावर हे खपवलं. चालेल ना?

तो गेला. बाय म्हणाला, मीही म्हटलं. इतक्या वर्षांचं संपायला तेवढंच लागलं.

मग तुम्ही माझ्या पिशवीतून कॅमेरा काढलात. आवारातल्या लिंबाखालच्या कठड्यावर मला बसवलंत, खांद्याला धरून जरा फिरवलंत आणि समोर गुडघ्यावर बसलात. मी म्हटलं, "मामा, आज नको, माझं तोंड बघा." तुम्ही डोळा लावून ठेवलात तो काढेचनात. मला वाटलं सेटिंग जमत नाहीये, आधी सांगायलाही लागले, आयएसओ डाव्या बटणावर आहे म्हणून. काळे कोटवाले जात-येत होते, एक-दोन थांबले. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पायाकडं बघितलं. तुम्ही सांगणार तरी कसं, इकडं बघ म्हणून? तुम्ही नुसते थांबलात. तुमचे गुडघे दुखत असणार. शेवटी बघण्यासारखं दुसरं काहीच उरलं नाही, तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं.

प्रिंट तीन दिवसांपूर्वी आणली. डोळे सुजलेत, केसांची बट गालाला चिकटलीये, आणि नाक अगदी आईचं आहे, ते मला छत्तिसाव्या वर्षी दिसलं. मी हसत नाहीये. रडतही नाहीये. मागचं सगळं कोर्ट विरघळून गेलंय. ती बाई समोर कुणाकडं तरी बघतेय आणि तो माणूस तिला दिसतोय, एवढं कळतं.

एक प्रत सोबत ठेवली आहे. फोकस बघा, अलीकडच्या डोळ्यावर आहे. तुम्हाला सांगायला नको.

येत्या रविवारी मी दुधनीला येतेय, बाकावर जागा ठेवा. ईरप्पांना त्या दिवशी चहा घेताना म्हटलं होतं, "तुमचा फोटो काढेन," त्यांनाही सांगा. आणि मामा, दुकानात नसलं म्हणून काय झालं? तुम्ही उजेड बघा, फोकस धरा, "हसा की" म्हणायला मी शेजारी उभी राहते. आपण एखादा फोटो काढून बघू. नाही जमलं तर गाड्या बघू.

माझी प्रत टेबलावर आहे. पहिल्या दिवशी ती पालथी ठेवली होती. घरमालकीण आली, तिनं उलटून बघितली आणि विचारलं, "कुणी काढला?" मी म्हटलं, "मामांनी." मग तिनं विचारलं, "यजमान कधी येणार?" मी म्हटलं, "येणार नाहीत." तिनं फोटो सुलटाच ठेवला, आणि "चहा टाकते, खाली ये" म्हणून गेली.

आज बाहेर पडताना फोटो पालथा करायला हात गेला होता. तसाच राहू दिला.

तुमची,
अपेक्षा